मुठी

नदी परवा फुटली. रात्रभर बर्फाच्या फरश्या
एकमेकींवर चढत होत्या, डोळ्याला डोळा नाही.
शेडच्या उत्तरेला राखाडी बर्फाची एक ढेप
कुणी विसरलेल्या गोणीसारखी अजून पडून.
आज बादलीत कोमट पाणी,
भांड्यांच्या साबणाचे चार थेंब,
नखं घासायचा जुना ब्रश,
आणि भिंतीला टेकलेल्या एकशे बारा काठ्या,
डोकं खाली, मूठ वर.

पाणी कोमटच हवं. कढत पाण्यानं रबर कडक होतं,
मग रुसल्यासारखं हातातून निसटतं.
मुठीच्या टोकाला बारीक भोक असतं,
धुताना त्यावर अंगठा ठेवायचा,
नाहीतर दांड्याच्या पोटात पाणी.
हे कुणी शिकवलं नाही मला.
पहिल्या वर्षी सात काठ्या आतून गंजल्या,
त्यांनी शिकवलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची असेल.
माझ्याकडे सगळ्या उघड्याच येतात.
ही बँकेतल्या बाईंची: हाताच्या मलमानं तुकतुकीत, गुळगुळीत.
ही दंतवैद्याची. डाव्या अंगठ्याखाली खड्डा पडलाय.
दाढ उपटतानाही असाच आवळत असेल का?
भाड्याच्या काठ्यांवर कुणाचंच काही नाही
आणि प्रत्येकाचं थोडंथोडं.
ब्रश फिरतो, पाणी तपकिरी होतं:
गेल्या जुलैचा घाम, डासांचं औषध,
मध्यरात्रीच्या उन्हात खेळून
पलीकडच्या स्वीडनमध्ये अजून अकराच वाजलेत म्हणून
आणखी एक डाव मांडणाऱ्यांची माती.

मग एन्सिओची पिशवी.

चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत.
दर सप्टेंबरात यायचा, बोटं पुढे करून म्हणायचा,
"हिल्का, अजून एक वेढा."
आखडलेल्या बोटांना बारीक मूठ धरवत नाही,
म्हणून रबराच्या आत चिकटपट्टीचा एक थर वाढवायचा.
एका हिवाळ्यामागे एक वेढा.
कॉफीचे पैसे तोच द्यायचा, केक मी.

यंदा पिशवी घेऊन त्याची मुलगी आली, सोइन्तू.
गाडी सुरूच ठेवली होती तिनं.
"विकायच्या आहेत. या जाडजूड मुठी काढून टाका,
अशा कोण घेईल?"
बरोबर होतं तिचं.

आकडीच्या सुरीनं रबर चिरलं.
खाली पट्टीचा पाचवा थर, मग चौथा,
तिसरा पिवळा पडलेला,
दुसऱ्यावर माझाच एक केस चिकटलेला,
तेव्हा काळा होता.
सगळ्यात आत नुसता पोलादी दांडा,
पोराच्या मनगटाएवढासुद्धा नाही.
तेरा काठ्यांच्या कातड्या डब्यात टाकल्या, मूठमाती दिली.
चौदावी, छोट्या फटक्यांची,
तिच्यावर सुरी टेकवली आणि उचलली.
ती फक्त धुतली. टॉवेलनं पुसली.
सावलीत उभी केली; उन्हात रबर चिरतं.

शनिवारी केमीची बस. ड्रायव्हर म्हणाला,
"आजी, मैदान तर उलट्या दिशेला राहिलं."
वृद्धाश्रमाच्या खिडकीशी एन्सिओ,
मांडीवर घोंगडी, समोर गार झालेली कॉफी.
मला बघून काहीच बोलला नाही.
काठी हातात दिली.
डावा हात, मग उजवा,
बोटं एकेक करून आपापल्या जागी,
वेळ लागला.
मग नाकाशी नेऊन वास घेतला, कपाळाला आठ्या.
"साबण राहिलाय," म्हणाला. "निसरडी आहे."

मी काही म्हटलं नाही.
कोपऱ्यातल्या बेसिनशी गेले,
नळ सोडला, मनगटावर धार घेऊन पाहिली, कोमट झाल्यावर
भोकावर अंगठा ठेवला.